चंदनाचे खोड, साबणाची वडी आणि प्रयोगशाळा



रसायनांचा उद्योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडी, आम्लाच्या टाक्या आणि नाकाला झोंबणारा वास एवढेच काय ते उभे राहते. आपल्या घराचा त्याच्याशी काही संबंध असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु न्हाणीघरातील साबणाची वडी, कपाटातील औषधाची बाटली आणि धुण्याची पूड ही सारी त्याच उद्योगाची लेकरे होत. म्हणून या वेळी आपण एका शहराच्या निमित्ताने या उद्योगाची ओळख करून घेऊ. ते शहर म्हणजे बंगळूर.

बंगळूर आज संगणकांचे शहर म्हणून जगात ओळखले जाते. तेथील मेट्रोच्या एका स्थानकाचे नाव मात्र ‘सँडल सोप फॅक्टरी’ असे आहे. या स्थानकापासून थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार लागते. जुने बंगळूरकर तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. साबणाचा कारखाना आणि विज्ञानाची संस्था यांचा हा शेजार केवळ भौगोलिक नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या दोघांची गाठ पडली, आणि त्या गाठीत आपल्या देशाला घेण्यासारखे बरेच काही आहे.

लाकूड आपले, विद्या परक्यांची

चंदन हे म्हैसूर संस्थानाचे पिढीजात धन. टिपू सुलतानाने १७९२ साली त्याला राजवृक्षाचा मान दिला असे सांगतात. तेव्हापासून चंदनाचे झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी त्याची मालकी सरकारकडे असे. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थान दरसाल या लाकडाचा लिलाव करी. युरोपीय व्यापारी ते विकत घेत, आणि त्याचा मोठा भाग जर्मनीत जाई. तेथील कारखान्यांत त्यापासून तेल काढले जाई व ते जगभर विकले जाई. झाड आपले, जमीन आपली, तोडणारे हातही आपले. पण खरा नफा ज्यात होता ती तेल काढण्याची विद्या तेवढी परक्यांची.

असल्या व्यवहारातील धोका किती मोठा असतो हे निळीने आपणास आधीच दाखविले होते. एकोणिसाव्या शतकात बंगाल-बिहारमधील नीळ जगातील कापड रंगवीत असे. जर्मनीतील एका रसायन-कंपनीने अनेक वर्षे संशोधनावर अमाप पैसा ओतून १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदी निळीचा व्यापार कोसळला. निळीच्या मळ्यांतील रयतेचे हाल तर पुढे १९१७ साली चंपारणच्या सत्याग्रहात साऱ्या देशाला दिसले. केवळ कच्चा माल विकणाऱ्या प्रदेशाचे भवितव्य दूर देशीच्या प्रयोगशाळेत ठरते, असा या घटनेचा अर्थ आहे.

चंदनावर संकट आले ते निराळ्या वाटेने. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी शत्रुराष्ट्र ठरले, समुद्रमार्ग धोक्याचे झाले, आणि म्हैसूरच्या वखारींत चंदनाचे ओंडके पडून राहू लागले. संस्थानच्या उत्पन्नाची एक मोठी बाब एकाएकी आटली.

तहान लागण्यापूर्वी खणलेली विहीर

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. बंगळूरचे वैशिष्ट्य असे की तेथील विहीर आधीच खणलेली होती.

जमशेटजी टाटा यांनी उच्च संशोधनासाठी एक संस्था काढण्याची योजना १८९८ साली मांडली व तीसाठी आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा देऊ केला. संस्था कोठे असावी हे ठरविण्यासाठी विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से यांना बोलावण्यात आले. त्यांनी बंगळूरची शिफारस केली. टाटा १९०४ साली निवर्तले. पण योजना टिकली. म्हैसूर दरबाराने १९०७ साली ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी दाखल झाले. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्से यांचे सहकारी. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन या वायूंच्या १८९८ सालच्या शोधात ते रॅम्से यांचे भागीदार होते. संस्थेच्या पहिल्यावहिल्या विभागांत सामान्य रसायन आणि उपयोजित रसायन हे दोन विभाग होते.

युद्ध सुरू झाले तेव्हा या संस्थेत विद्यार्थी येऊ लागून तीनच वर्षे झाली होती. तरी तेवढी वर्षे पुरेशी ठरली. प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी संस्थेत चंदनाच्या तेलाचे ऊर्ध्वपातन हाती घेतले. दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि महाराज कृष्णराज वडियार यांनी या प्रयोगांमागे राज्याचे बळ उभे केले. १९१६ साली बंगळुरात सरकारी चंदनतेलाचा कारखाना सुरू झाला. पुढच्या वर्षी म्हैसुरात दुसरा निघाला. ज्या लाकडाला गिऱ्हाईक उरले नव्हते, त्याचे तेल आता संस्थान स्वतः विकू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ दिवाणांची दूरदृष्टी असती आणि प्रयोगशाळा नसती, तर कारखान्याचा विचार कागदावरच राहिला असता. केवळ प्रयोगशाळा असती आणि राज्यकर्त्यांना तिची किंमत नसती, तर तेलाची एक बाटली शोभेसाठी कपाटात राहिली असती. दोन्ही एके ठिकाणी आल्या, म्हणून उद्योग उभा राहिला.

खोडातून तेल कसे निघते

सहाणेवर गंध उगाळताना आपण जे करतो, त्याचीच ही शास्त्रीय आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. चंदनाचा सुगंध त्याच्या पानांत नसतो, सालीत नसतो आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडातही नसतो. तो गाभ्याच्या पिवळसर-तपकिरी लाकडात आणि मुळांत असतो. हा गाभा चांगला भरावयास वीस-तीस वर्षे लागतात.

चंदनाच्या सुवासाचा प्राण म्हणजे सँटॅलोल नावाचे द्रव्य. उत्तम तेलात ते दहांत नऊ भाग असते. याचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. इतकी आच दिली तर तेल करपेल आणि वास बिघडेल. त्यावर उपाय असा की लाकडाचा भुगा मोठ्या बंद भांड्यात भरून त्यातून पाण्याची वाफ सोडावयाची. वाफेच्या संगतीने तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळपासच उडू लागते. ही मिश्र वाफ थंड नळ्यांतून नेली की तिचे पुन्हा पाणी व तेल होते, आणि तेल पाण्यावर तरंगते. हे काम तासाभरात उरकत नाही. दोन-तीन दिवस वाफ चालू ठेवावी लागते. एवढे करून शंभर किलो चांगल्या गाभ्यातून पाच-सहा किलो तेल हाती येते.

ऐकावयास हे सोपे वाटेल. पण वाफेचा दाब किती ठेवावा, भुगा किती बारीक असावा, भांडे कोणत्या धातूचे असावे म्हणजे तेलाचा रंग बिघडणार नाही, आणि निघालेल्या तेलाचा कस कसा ठरवावा, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्यांची उत्तरे प्रयोगाने मिळवावी लागतात. कारखाना ज्ञानावर चालतो, असे आपण म्हणतो तेव्हा हेच ज्ञान अभिप्रेत असते.

तेलातून साबण

तेल निघू लागल्यावर त्याच्या पुढची पायरी चढण्याचे ठरले. विश्वेश्वरय्यांनी मुंबईहून जाणते तंत्रज्ञ बोलावून विज्ञान संस्थेच्या आवारात साबणाचे प्रयोग करविले. सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला साबण व सुगंध यांची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. ते परतल्यावर कब्बन पार्कजवळ सरकारी साबणाचा कारखाना उभा राहिला, आणि लंबगोल आकाराची ‘मैसूर सँडल’ वडी देशभर जाऊ लागली. १९५७ साली कारखाना राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत गेला. १९८० साली त्याची कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स ही सरकारी कंपनी झाली, आणि २००६ साली या साबणाला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. म्हैसूरचे नाव लावण्याचा हक्क आता कायद्यानेही त्याच्या जन्मभूमीचा आहे.

साबणाची क्रिया थोडक्यात अशी आहे. कोणतेही तेल किंवा चरबी ही ग्लिसरीन व स्निग्धाम्ले यांच्या संयोगाने बनलेली असते. तिच्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून तापविले की हा संयोग तुटतो. सोडा स्निग्धाम्लांशी जुळून साबण बनतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. मग मीठ घातले म्हणजे साबण वर येतो व ग्लिसरीनयुक्त पाणी खाली राहते. ते पाणीही फुकट जात नाही. त्यातील ग्लिसरीन औषधांना व प्रसाधनांना लागते. साबण सुकवून, लाटून, शेवटी त्यात सुगंध मिसळतात. कारण आधीच मिसळला तर उष्णतेने तो उडून जाईल. रसायन-उद्योगाचे हे एक लक्षणच आहे: एका कामातील उरलेसुरले द्रव्य दुसऱ्या कामाचा कच्चा माल होते, आणि एका कारखान्याच्या आधाराने शेजारी दुसरा उभा राहतो.

झाडाचा रोग आणि संस्थेचे दार

इकडे तेल निघत होते, पण तिकडे रानात झाडच मरत होते. १८९९ साली कोडगूमध्ये चंदनावर एक विचित्र रोग दिसून आला. पाने बारीक होत जातात, फांद्यांना काट्यांच्या कुंच्यासारखे रूप येते, आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळते. यालाच ‘स्पाइक’ म्हणतात. विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात १९२० च्या दशकापासून या रोगाचा कसून अभ्यास झाला. त्यात एम. श्रीनिवासय्या हे प्रमुख होते. पुढे १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या अशा काही रोगांमागे पेशीभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जंतू असतात हे दाखविले, आणि थोड्याच काळात चंदनातही तेच आढळले. कीटक हा रोग पसरवितात. त्यावर खात्रीचा इलाज मात्र अजूनही हाती आलेला नाही.

याच श्रीनिवासय्यांच्या हाताखाली १९३३ साली एक मराठी मुलगी शिकावयास आली, आणि तिची हकीकत प्रत्येक मराठी घरात ठाऊक असावी अशी आहे. तिचे नाव कमला भागवत. दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. तिचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम तऱ्हेने मिळवून कमलाबाईंनी प्रवेशासाठी अर्ज केला, आणि तो नाकारण्यात आला. कारण एवढेच की त्या स्त्री होत्या. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. ज्यांच्या बुद्धीपुढे जगाने मान लवविली, त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांचे मन या एका बाबतीत मात्र कोते होते.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळुरास गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांनी आपला हट्ट सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. त्यांनी दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली एम.एस्सी. होऊन कमलाबाई केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते हे दाखविले, आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन त्या स्वदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी या नावाने त्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावर संशोधन केले, आणि त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ साली त्या निवर्तल्या.

प्रदेशाच्या बळाची गोष्ट सांगताना ही हकीकत का सांगावी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. प्रयोगशाळेचे बळ तिच्या यंत्रांत नसते. तेथे कोणत्या बुद्धीला प्रवेश मिळतो यात असते. दार अर्धे बंद ठेवणारी संस्था आपले अर्धे बळ आपण होऊन टाकून देते.

पपईच्या चिकापासून पुढे

उघडलेल्या दाराचा पुढचा अध्याय बंगळुरातच लिहिला गेला. १९७८ साली किरण मजुमदार या तरुणीने एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत, गॅरेजएवढ्या जागेत, ‘बायोकॉन’ नावाचा उद्योग सुरू केला. त्यांचे शिक्षण बिअर तयार करण्याच्या शास्त्राचे; पण बाई म्हणून कोणी त्या कामावर घेईना. पहिला माल होता पपईच्या चिकापासून काढलेले पपेन हे पाचक द्रव्य, आणि माशांच्या वाताशयापासून मिळणारे, बिअर नितळ करणारे एक द्रव्य. त्या मालापासून निघून ही कंपनी पुढे जंतूंकडून औषधे बनवून घेण्याच्या विद्येपर्यंत पोहोचली, आणि २००४ साली तिने मानवी इन्शुलिन बाजारात आणले. मधुमेह ज्या घरात आहे त्या घराला या वाटचालीचे मोल वेगळे सांगावयास नको.

चंदन आणि पपई यांची कहाणी एकच आहे. शेतात वा रानात मिळणारी वस्तू तशीच न विकता तिच्यातील नेमके द्रव्य ओळखावे, ते शुद्ध करावे, आणि मग त्याच विद्येच्या बळावर ज्याला तो कच्चा मालही लागत नाही असे काही घडवावे.

जमा आणि खर्च

हिशोबाची वही मांडली तर केवळ जमा लिहून चालत नाही. रसायनांचा हिशोब तर अधिकच काटेकोरपणे ठेवावा लागतो. बंगळूरच्या बेळंदूर तलावावर फेसाचे डोंगर उठलेले आपण छायाचित्रांत पाहिले असतील. २०१५ आणि २०१७ साली त्या तलावावर आगही भडकली होती. शुद्ध न करता सोडलेले सांडपाणी आणि त्यातील धुण्याच्या पुडीची रसायने हे त्या फेसाचे मोठे कारण. वस्तू बनविण्याची विद्या शिकलेल्या शहराने ती वापरून झाल्यावर तिचे काय करावयाचे ही विद्याही शिकली पाहिजे. आणि तो रसायनशास्त्राचाच पुढचा धडा आहे.

दुसरा खर्च झाडाचा. रोग, चोरटी तोड आणि जुना कायदा यांनी मिळून रानातील चंदन विरळ केले. झाड सरकारचे, पण त्याची राखण व जबाबदारी आपली, अशा व्यवस्थेत शेतकऱ्याने रोप का जोपासावे? १९९८ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने चंदनाची गणना संकटग्रस्त वृक्षांत केली. कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलून जमिनीच्या मालकाला झाडाची मालकी दिली. परंतु झाडाला वाढावयास वीस-तीस वर्षे लागतात, आणि काळ कोणासाठी थांबत नाही. आज पश्चिम ऑस्ट्रेलियात याच भारतीय चंदनाच्या मोठ्या बागा उभ्या आहेत, आणि चंदनासारखा वास देणारी कृत्रिम द्रव्ये तर केव्हाच बाजारात आली आहेत. निळीचा धडा पुन्हा गिरवावा लागू नये असे वाटत असेल, तर बंगळूरच्या वृक्षसंशोधकांच्या कामाकडे आणि शेतकऱ्याच्या बांधाकडे सारखेच लक्ष पुरविले पाहिजे.

आपल्या घरापुरते

आता थोडे व्यवहाराचे. साबण घेताना वेष्टनावर ‘टी.एफ.एम.’ या अक्षरांपुढील आकडा वाचावा. साबणात स्निग्ध द्रव्य किती ते त्यावरून कळते. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के वा अधिक असेल तो अंगाचा साबण पहिल्या प्रतीचा, ७० चा दुसऱ्या आणि ६० चा तिसऱ्या. ‘बेदिंग बार’ असे लिहिले असेल तर तो या वर्गवारीतला साबण नव्हे. धुण्याची पूड सांगितल्याहून अधिक घातल्याने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत. मोरीतून वाहून जाणारी पूड तेवढी वाढते.

शेतात चंदन लावावयाचे असेल तर हे झाड परोपजीवी वृत्तीचे आहे हे विसरू नये. ते आपल्या मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नाचा काही भाग घेते. म्हणून सुरुवातीला त्याच्या जोडीला तूर आणि पुढे एखादे दीर्घायुषी झाड लागते. एकटे लावलेले चंदन खुरटते. तोडण्यास व वाहून नेण्यास वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा लावतानाच त्याची नोंद करून ठेवणे शहाणपणाचे.

आणि घरात शाळकरी मुले असतील, त्यातही मुली असतील, तर एक विनंती. शाळेतील प्रयोगशाळेत त्यांना परीक्षानळी प्रत्यक्ष हाताळावयास मिळते की केवळ फळ्यावरची समीकरणे उतरवून घ्यावी लागतात, याची चौकशी पालकसभेत अवश्य करावी. म्हैसूरच्या वखारीतील लाकूड सोन्याच्या मोलाचे झाले, ते तीन वर्षे आधी उघडलेल्या एका प्रयोगशाळेमुळे. आपल्या गावच्या शाळेची बंद खोली आज उघडली, तर तिचे फळ कोणत्या संकटाच्या वेळी आणि कोणाच्या कामी येईल हे आज सांगता येत नाही; परंतु ती उघडण्याचे काम मात्र आजच करता येते.